बेताने जगायचं, पण माप कुठून आणायचं?

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आणि सहज विचारलं, "तुमच्या घरी महिन्याला मीठ किती लागतं?" आम्ही तिघंही गप्प. सासूबाई चाळीस वर्षं त्या स्वयंपाकघरात वावरताहेत, किराणा मी भरते, आणि तरीही आकडा कुणालाच सांगता येईना. पुडा संपला की दुसरा आणायचा, एवढंच आम्हाला माहीत.

घरी आल्यावर अण्णांनी मीठ बंदच केलं. आठ दिवस अळणी आमटी, अळणी भाजी, ताकसुद्धा अळणी. नवव्या दिवशी नात्यात मुंज होती. तिथे लोणचं, तळलेले पापड, भजी, मठ्ठा, सगळं पोटभर झालं, आणि नंतरचे दोन आठवडे घरातलं मीठ पूर्वीपेक्षा वाढलं. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण ज्यांनी केली त्यांनी माणूस नीट पाहिलेला होता. कडक बंदीच्या मागोमाग दुप्पट खाणं येतं. मीठ, साखर, मोबाइल, खर्च, सगळीकडे मला हेच दिसलं आहे.

मराठीत या बाबतीत फार नेमका शब्द आहे: तारतम्य. संस्कृतातले 'तर' आणि 'तम' हे तुलनेचे प्रत्यय जोडून तो झाला. लघुतर, लघुतम म्हणतो त्यातले. म्हणजे एखादी गोष्ट कशाच्या मानाने किती, हे कळणं. तुलनेला दोन आकडे लागतात, आत्ता किती आहे आणि किती पुरतं. आपल्याकडे बहुधा दोन्ही नसतात, म्हणून आपण 'कमी करायचं' एवढंच ठरवतो आणि ते कमी कधीच होत नाही. पुढे लिहिलं आहे ते आमच्या घरात वर्षभर करून पाहिलेलं आहे. त्यात मनावर ताबा मिळवण्याचा भाग थोडा आहे. भांडी, तारखा आणि चमचे यांचा भाग जास्त.

एकच गोष्ट घ्या, आणि ती स्वयंपाकघरातली घ्या

साखर बंद, पहाटे पाचला उठणं, मोबाइल बाजूला, रोज तासभर व्यायाम, असं एकदम सगळं ठरवलं तर तिसऱ्या आठवड्यात काहीच उरत नाही. सुरुवात एकाच गोष्टीने करा. ती स्वयंपाकघरातली असावी असं मी आग्रहाने सांगते, कारण तिथे सगळं ग्रॅममध्ये आणि लिटरमध्ये मिळतं. राग किंवा आळस किती कमी झाला हे मोजता येत नाही, तेल मोजता येतं. एकदा तेलाचं जमलं की बाकीच्या गोष्टींना हात घालायचा धीर येतो.

महिनाभर नुसतं मोजा, काहीही बदलू नका

हीच पायरी लोक गाळतात. एक मार्कर स्वयंपाकघरात ठेवा. मिठाचा पुडा, साखरेची पिशवी, तेलाची पिशवी किंवा कॅन, तुपाची बरणी, जे फोडाल त्यावर त्या दिवसाची तारीख टाका. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा आणि वस्तू संपली की तारीख तिथे लिहा. बाहेर जेवलात किंवा बाहेरून मागवलंत की त्याच कागदावर एक रेघ ओढा. पाहुणे चार दिवस राहून गेले तर तेही लिहा.

आठवडाभर मोजून थांबू नका. एका आठवड्यात उपास येतो, दुसऱ्यात वाढदिवस, तिसऱ्यात कुणीतरी आजारी असतं. महिन्याचा आकडाच खरा. आणि तांब्याची भांडी घासायला, गुळण्यांना जे मीठ लागतं ते वेगळ्या बरणीत काढून ठेवा, नाहीतर हिशोब बिघडतो. आमचा पहिल्यांदा बिघडला होता.

या महिन्यात कुणालाही टोकू नका. घरातल्या माणसाला आपल्यावर पाळत आहे असं वाटलं की तो बाहेर खातो, आणि ते कागदावर येत नाही.

आता दुसरा आकडा: पुरतं किती?

मिठाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी अशी आहे. चहाचा सपाट चमचा, तोही पुरता भरलेला नाही. यात भाजीतलं, कणकेतलं, लोणच्या-पापडातलं, बाहेरच्या खाण्यातलं असं सगळं मीठ आलं. चौघांचं घर धरलं तर दिवसाला २० ग्रॅम, महिन्याला ६०० ग्रॅम. म्हणजे एक किलोचा पुडा निदान ५० दिवस चालायला हवा, आणि बाहेरचं खाणं असेल तर त्याहून जास्त. आमचा पुडा २६ दिवसांत संपला.

विकतच्या पाकिटांवर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुणा. १०० ग्रॅम शेवेमागे ८०० मिलिग्रॅम सोडियम छापलं असेल तर त्यात २ ग्रॅम मीठ आहे. फरसाण, पाव, खारी, सॉस, झटपट नूडल्स यांच्या पाकिटांवर एकदा हा गुणाकार करून बघाच. पापडखार आणि खाण्याच्या सोड्यातूनही सोडियम जातं, त्यामुळे पापड चवीला फार खारट नसला तरी हिशोबात जड असतो.

साखरेबद्दल त्याच संघटनेचं म्हणणं असं, की वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याला ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर मावते, शिगोशीग चमच्यात ६ ते ७. दोन शिगोशीग चमचे घातलेला चहा दिवसाला तीन कप झाला की ३६ ग्रॅमच्या पुढे गेलात, बिस्कीट अजून खायचंच आहे. गूळ आणि मधही याच हिशोबात धरायचे. गुळाचा चहा म्हणून कुणी निर्धास्त होत असेल तर कृपा करून होऊ नये.

तेलाचं प्रमाण कामावर अवलंबून असतं. बैठं काम करणाऱ्या माणसाला तेल, तूप, लोणी मिळून दिवसाला २० ते ३० ग्रॅम पुरतं. मी २५ धरते. चौघांचे महिन्याचे झाले ३ किलो. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम असतं, म्हणजे सुमारे ३.३ लिटर, तुपासकट. आमच्याकडे पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत होता आणि वर अर्धा किलो तूप. शिवाय आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट आणि सुकं खोबरं मुक्त हस्ताने पडतं. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलच असतो. ते काही वाईट नाही, पण कुटाच्या भाजीला पुन्हा वर तवंग येईपर्यंत तेल घालायची गरज नसते.

हाताचं माप

इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळी गुरुकिल्ली तिच्यात आहे. मी छोटा वजनकाटा आणला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाईच्या हाताला माप असतं. काटे कसले लावतेस?" मी म्हटलं, "आई, तुमचंच माप बघायचंय. तुम्ही नेहमीसारखं मीठ काढा, आमटीत घालायच्या आधी फक्त या वाटीत टाका." तीन दिवस आम्ही तसं केलं. आणि खरंच, त्यांच्या चिमटीचं वजन तिन्ही दिवस जवळजवळ सारखं भरलं. हाताला माप होतंच.

मग त्याच हिशोब करू लागल्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरात नऊ माणसं होती, दोघं शेतावर राबणारे. हात त्या घराला सरावला होता. माणसं कमी होत गेली, पातेलं लहान झालं, भाजी कमी झाली, पण फोडणीची पळी आणि मिठाची चिमूट तेवढीच राहिली. हे त्यांचं त्यांना उमगलं. मी सांगितलं असतं तर त्यांना लागलं असतं. त्या दिवसापासून काटा त्यांच्या ताब्यात आहे.

तुमच्याही घरात एखादं माप असं जुन्या परिस्थितीचं राहिलेलं असेल. तालमीत जाणाऱ्या मुलाचा आहार तो नोकरीत बसल्यावरही तसाच चालू असतो. माणूस निवृत्त झाला तरी दिवसाचे पाच कप चहा ऑफिसातलेच असतात. सवय वाईट म्हणून सोडायची असं समजण्यापेक्षा ती कुठल्या काळाची आहे हे शोधलं, तर बदलायला सोपं जातं आणि कुणाचा अपमान होत नाही.

माप भांड्यात घाला

कढई तापलेली असताना, भूक लागलेली असताना 'किती घालू' हा विचार करायची वेळ नसते. तो विचार रविवारी सकाळी करून ठेवायचा.

तेलासाठी एक काचेची बाटली घ्या आणि तिच्यावर रेघ मारा. आठवड्याचं तेल रविवारी त्यात भरा आणि कॅन माळ्यावर किंवा खालच्या कपाटात ठेवून द्या. कॅनमधून थेट कढईत तेल ओतायचं नाही, हा एवढा एकच नियम. आम्ही पहिल्या आठवड्यात १०५० मिलिलिटर भरलं, कारण आमचा खप त्याच्या थोडा वर होता. एकदम ७५० भरलं असतं तर गुरुवारी बाटली रिकामी झाली असती आणि सगळं तिथेच संपलं असतं. दर महिन्याला ८०-१०० मिलिलिटर कमी करत चार महिन्यांत आम्ही खाली आलो. बाटलीचा फायदा हा, की ती डोळ्यासमोर असते. बुधवारी अर्ध्याच्या खाली गेली की स्वयंपाक करणारं माणूस आपणहून बटाट्याच्या काचऱ्यांऐवजी वरणफळं करतं.

पळीऐवजी चमचा ठेवा. पोह्यांना, उपम्याला नेहमीच्या पळीत किती चमचे मावतात हे एकदा मोजून पाहा, आकडा बघून चकित व्हाल.

मिठासाठी सकाळी दिवसभराचं मीठ एका छोट्या वाटीत काढून ठेवायचं आणि त्यातूनच सगळं करायचं. पहिली कात्री कणकेतल्या मिठाला लावा. आमटी-भाजीबरोबर पोळी खाताना ते कळत नाही. भाकरीत बहुतेक घरांत नसतंच. मग भाताचं, तुम्ही घालत असाल तर. भाजी-आमटीचं शेवटी, आणि तेही दहाव्या भागाने. काही आठवड्यांत जिभेला नव्या चवीची सवय होते. तोवर लिंबू, कोकम, भाजलेल्या जिऱ्याची पूड, भरपूर कोथिंबीर यांनी भागतं. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ मात्र मनाने आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचं ठरू शकतं, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा.

आणि ताट वाढा. पातेली टेबलावर ठेवून प्रत्येकाने घ्यायचं ही पद्धत सोयीची आहे, पण आपल्या ताटात माप आधीच घातलेलं होतं ते त्यामुळे गेलं. डाव्या बाजूला लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजव्या बाजूला भाजी, आमटी. डावीकडचं बेतानं वाढायचं असतं, लोणच्याची फोड एकच. आता लोणच्याची बरणीच पुढ्यात असते. आम्ही बदल एवढाच केला, की कोशिंबीर डावीकडून उचलून उजवीकडे वाटीभर नेली आणि चटणी-लोणचं होतं तिथेच, होतं तेवढंच ठेवलं.

सणाचा दिवस सणासारखा

समतोल म्हणजे रोज सारखं खाणं नव्हे. आपल्या पंचांगात भरपूर खायचे दिवस आहेत आणि सोडायचेही. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी येते. कांद्याची भजी, थालीपीठ, झुणका, सगळं मनसोक्त होतं, कारण दोन दिवसांनी आषाढी एकादशी आणि मग चातुर्मास पाळणाऱ्या घरांत कांदा-लसूण-वांगं बंद. पुढे मार्गशीर्षात चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की वांगं पुन्हा ताटात. मेजवानीला तारीख होती, त्यामुळे तिला कुंपणही होतं. आता श्रीखंड फ्रीजमध्ये बाराही महिने असतं आणि शनिवार-रविवार बाहेर जेवणं हा सण राहिलेला नाही.

म्हणून हिशोब आठवड्याचा किंवा महिन्याचा ठेवा. गणपतीत उकडीचे मोदक मोजून खायचे नाहीत, तुपाची धार तर नक्कीच मोजायची नाही. त्या आठवड्याची बाटली वेगळी, आणि पुढच्या रविवारी पुन्हा नेहमीच्या रेघेपर्यंत. दिवाळीचं तळण मात्र वर्षाचा मोठा खप आहे. ते आम्ही निम्मं केलं. पूर्वी डबेच्या डबे शेजारीपाजारी जायचे तेवढी माणसंही आता राहिलेली नाहीत. चकली आणि चिवडा घरी, बाकीचं बंद. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरू नका. तळणच कमी केलं की तो प्रश्नही लहान होतो.

उपासाचाही विचार करा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर कूट आणि तूप. एकादशीला पोटाला हलकं वाटावं अशी इच्छा असेल तर भगर, दाण्याची पातळ आमटी, राजगिरा, ताक, फळं यांवर दिवस काढा. खिचडी खायचीच असेल तर एक वाटी, जेवणाऐवजी.

झोप, मोबाइल, चालणं

स्वयंपाकघरात शिकलेलं इथे तसंच लागू पडतं, त्यामुळे थोडक्यात सांगते. मोबाइलचं मोजमाप तो स्वतःच ठेवतो. अँड्रॉइडवर 'डिजिटल वेलबीइंग', आयफोनवर 'स्क्रीन टाइम' उघडा आणि आठवड्याची सरासरी कागदावर लिहा. ती शून्यावर आणायची प्रतिज्ञा नको. मोबाइलची रात्रीची जागा बदला: चार्जर बैठकीच्या खोलीत, गजरासाठी साधं घड्याळ. माझ्या नवऱ्याचा रात्रीचा तासभर एवढ्यानेच सुटला. मोठ्या माणसाला किमान ७ तास झोप लागते, आणि ती सकाळी उशिरा उठून भरून काढण्यापेक्षा रात्री लवकर सुरू झालेली बरी. संध्याकाळचा चहा इथे मध्ये येतो. चहातल्या कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. सहाचा चहा अकरा वाजताही निम्मा अंगात असतो. शेवटचा कप चारच्या आत घ्या.

चालण्याला आठवड्याचं माप लावा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास झपझप चालणं. जुलैत दोन दिवस पाऊस उघडलाच नाही तर उरलेल्या दिवसांत वाटून घ्या. पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर चालून गुडघे धरून बसण्यात काही अर्थ नाही.

पैशालाही बाटलीच लागते. दुसरं एक बँक खातं घ्या, दर सोमवारी वरखर्चाची रक्कम त्यात वळती करा आणि यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडा.

जिथे हे लागू नाही

तंबाखू, मिश्री, गुटखा, सिगारेट यांना 'बेतानं' असं काही नसतं. तिथे सुरक्षित प्रमाणच नाही, सोडणं हाच उपाय. सरकारचा मोफत क्रमांक आहे, १८००-११-२३५६. फोन करून मदत घेता येते. दारूबाबतही जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट म्हटलं, की कुठलंही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. रोज पिणाऱ्याने अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून सोडताना डॉक्टर सोबत हवेतच.

मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण असेल तर वरचे आकडे बाजूला ठेवा आणि तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेले धरा. वाढत्या मुलांच्या ताटात काटा लावू नका. आणि घरातलं कुणी, विशेषतः वयात आलेली मुलगी किंवा मुलगा, खाणं मोजता मोजता जेवायलाच घाबरू लागलं, तर कागद फाडून टाका आणि लगेच मदत घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

मोडलं तर

मोडेल. आमचं मे महिन्यात मोडलं. आंबे, पाहुणे, कुरडया-पापड्यांचं वाळवण, घरात अकरा माणसं. बाटली भरायचं तीन रविवार राहून गेलं. पाहुणे गेल्यावर मला वाटलं आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागणार, तेवढ्यात अण्णांनी मिठाचा नवा पुडा फोडून त्यावर तारीख टाकली आणि कपाटातला कागद बघून म्हणाले, "मधले तीन आठवडे कोरे सोड. खाडाखोड करू नकोस." आम्ही तसेच कोरे सोडले. त्या रविवारी बाटली एप्रिलच्या रेघेपर्यंत भरली. तो पुडा ४७ दिवस पुरला.